कथा असलेली डीएलसी खेळायची कशी: सेव्ह फाइलपासून शेवटच्या दृश्यापर्यंत

आठ महिन्यांनी मी ‘द विचर ३’ पुन्हा उघडला, तो थेट ‘ब्लड अँड वाइन’ हा त्याचा नंतर आलेला जोडभाग खेळायला. तूसाँच्या हिरव्यागार टेकड्या, लांबवर दिसणारा राजवाडा, सोबतीला चिलखत घातलेले सरदार आणि समोर पवनचक्कीपाशी धुडगूस घालणारा गोलियाट नावाचा राक्षस. इथवर सगळं झकास होतं. मग मी क्वेन हे बचावाचं जादुई चिन्ह लावायला गेलो आणि हातून भलतंच चिन्ह पडलं. औषध घ्यायला गेलो तर बॉम्ब फुटला. चार वेळा मेलो. नंतर कळलं की त्या राक्षसाच्या डोळ्यात क्रॉसबोचा एक बाण नेमका बसला तर तो जागच्या जागी कोसळतो, आणि त्याची वेगळी ट्रॉफीही मिळते. क्रॉसबो माझ्याकडे होता. तो कुठल्या बटणावर आहे एवढंच मी विसरलो होतो.

कथा असलेली डीएलसी, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायचा उतरवून घेतलेला भाग, काही गोष्टी गृहीत धरून चालते. तुम्हाला पात्रं आठवतात, हात सरावलेला आहे, आणि तुम्ही ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारातून आत आला आहात. यातलं एक जरी बिनसलं तरी वीस तासांची सुंदर कथा वीस तासांची हमाली होते. म्हणून या लेखाचा अर्ध्याहून जास्त भाग डीएलसीचं पहिलं दृश्य सुरू होण्याआधीच्या कामांवर आहे. कथांचे गौप्यस्फोट शक्यतो टाळले आहेत. क्वेस्टची (गेममधल्या कामगिऱ्यांची) आणि जागांची नावं मात्र घ्यावी लागतील, त्याला इलाज नाही.

‘डीएलसी’ या शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही, हेही आधीच सांगतो. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत विकायला आलं, त्याची अजून टिंगल होते. पुढच्याच वर्षी त्याच गेमला ‘शिव्हरिंग आइल्स’ हा भाग आला: स्वतंत्र प्रदेश, स्वतंत्र कथा, आणि एक देव जो वेडाही आहे आणि विनोदीही. दोन्ही डीएलसीच. आपण बोलतोय ते दुसऱ्या जातीबद्दल.

१. कथा मूळ गेमच्या मध्ये बसते की नंतर?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण नेमकी हीच ओलांडून जातात. मेनूमध्ये नाव दिसलं की दाबलं. पण ‘उघडता येतं’ आणि ‘आत्ता खेळायचं असतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘द लास्ट ऑफ अस’चा ‘लेफ्ट बिहाइंड’ (२०१४) हा भाग मेनूतून कधीही सुरू होतो. त्यात थोडी पूर्वकथा आहे, म्हणून काही जण तो आधी खेळतात. तसं करू नका. त्याचा दुसरा धागा मूळ गेमच्या दोन प्रकरणांमधली फट भरतो, आणि मूळ गेम माहीत नसेल तर त्या फटीची किंमत कळत नाही. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’चा ‘वाल्हाला’ हा मोफत भाग डिसेंबर २०२३ मध्ये आला. तोही मेनूतूनच उघडतो, पण तो सरळसरळ शेवटानंतरचा आहे. मूळ गेम अर्धवट असताना तो उघडलात तर क्रेटोस या नायकाच्या प्रवासाचा शेवट स्वतःच्या हाताने फोडलात असं समजा.

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’च्या ‘ट्रेसपासर’मध्ये (२०१५) ही चूक करण्याची सोयच नाही. मुख्य कथा संपल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि कथेत मध्ये दोन वर्षं गेलेली असतात. इथला धोका उलटा आहे. एकदा आत गेलात की स्कायहोल्ड या तुमच्या किल्ल्यावर परत येता येत नाही. त्या गेमच्या बाकीच्या दोन डीएलसी, ‘जॉज ऑफ हाकॉन’ आणि ‘द डिसेंट’, आधीच उरकून घ्या.

मध्ये बसणाऱ्या डीएलसींची वेळ साधणं जास्त नाजूक. ‘मास इफेक्ट ३’ची ‘सिटाडेल’ (मार्च २०१३) हा खरं तर सवंगड्यांचा निरोपसमारंभ. सर्बेरस या शत्रुसंघटनेच्या तळावरच्या हल्ल्यानंतर ती खेळता येत नाही, आणि फार आधी खेळलात तर निम्मे मित्र अजून तुमच्याकडे आलेलेच नसतात. म्हणून त्या हल्ल्याच्या अगदी आधी, बाकी सगळी कामं झाल्यावर खेळा. ‘लेजंडरी एडिशन’मध्ये ही डीएलसी आधीपासूनच असते. त्यामुळे ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा नव्या खेळाडूला पत्ताही लागत नाही. मूळ कथेचाच एक तुकडा समजून तो भलत्या वेळी खेळून मोकळा होतो.

‘सायबरपंक २०७७’च्या ‘फँटम लिबर्टी’बद्दल लोकांचं एकमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य कथा संपवण्याआधी खेळा. ती मूळ गेमला आणखी एक शेवट जोडते, आणि त्या शेवटाचं वजन बाकीचे शेवट अजून पाहायचे असताना जास्त जाणवतं. मूळ गेम आधीच संपवला असेल तरी बिघडत नाही. शेवटानंतर गेम तुम्हाला ‘नॉक्टर्न ओपी५५एन१’ या क्वेस्टच्या आधी, म्हणजे परतीचा दोर कापला जाण्याआधी, आणून सोडतो. तिथून डॉगटाउनला, म्हणजे डीएलसीच्या प्रदेशात, जाता येतं.

‘फॉलआउट ३’ ही वेगळीच भानगड. त्याची मूळ कथा संपली की गेमच संपायचा. २००९ च्या ‘ब्रोकन स्टील’ने तो शेवट मोकळा केला आणि लेव्हलची कमाल मर्यादा २० वरून ३० वर नेली. अशी डीएलसी आधीच बसवून ठेवावी, कथा संपायची वाट पाहू नये.

एकाच गेमच्या तीन-चार डीएलसी असतील तर माझा ढोबळ नियम असा: ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने खेळा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मध्ये ‘डेड मनी’, ‘ऑनेस्ट हार्ट्स’, ‘ओल्ड वर्ल्ड ब्लूज’ आणि ‘लोनसम रोड’ हा तो क्रम. चारही कथांमध्ये एका माणसाच्या खुणा पेरलेल्या आहेत आणि शेवटच्या डीएलसीत तुम्ही त्याच्यासमोर उभे राहता. ती आधी खेळलात तर बाकी तिघींमधल्या खुणा नुसत्या भिंतीवरच्या रेघोट्या उरतात.

२. पैसे देण्याआधी

पहिली तपासणी यंत्राची. मूळ गेम चालतो म्हणून डीएलसी चालेलच असं नाही. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ पीएस४ वरही आहे, पण ‘बर्निंग शोअर्स’ (एप्रिल २०२३) पीएस४ वर आलीच नाही. आधी पीएस५ आणि मग पीसी. ‘फँटम लिबर्टी’चंही तसंच, ती जुन्या पिढीच्या कन्सोलवर नाही.

दुसरी तपासणी दुकानाची. मूळ गेम ज्या स्टोअरवरून घेतला, डीएलसी त्याच स्टोअरवरून घ्यावी लागते. स्टीम या दुकानातली डीएलसी जीओजी या दुसऱ्या दुकानातल्या गेमला जोडली जात नाही. प्लेस्टेशनवर प्रदेशही जुळावा लागतो: डिस्क एका प्रदेशाची आणि खातं दुसऱ्या प्रदेशाचं असेल तर डीएलसी उतरते, जागा खाते, आणि गेम तिला ओळखत नाही. मी सवलतीच्या मोहात पडून एकदा हे केलंय. पैसे परत मागितले तर एका दुकानाने उत्तर दिलं की फाइल नीट उतरली आहे ना, मग आमचं काम झालं.

तिसरी गोष्ट एडिशनची. ‘कम्प्लीट’, ‘गेम ऑफ द इयर’ वगैरे नावाची सेकंडहँड डिस्क घेताना विचारा की डीएलसी डिस्कवरच आहे की खोक्यातल्या कोडवर. कोड एकदाच वापरता येतो, आणि आधीच्या मालकाने तो बहुधा वापरलेला असतो. उलट बाजूने, सगळं एकत्र असलेली एडिशन कधी कधी सुट्या डीएलसीपेक्षा स्वस्त पडते, तेव्हा दोन्ही किमती शेजारी ठेवून बघा.

सबस्क्रिप्शनमधून खेळत असाल तर मूळ गेम त्यात असतो, पण डीएलसी बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागते. उद्या तो गेम सबस्क्रिप्शनमधून निघाला की विकत घेतलेली डीएलसी नुसती पडून राहते. ती खेळायला मूळ गेमही विकत घ्यावा लागतो.

स्टीमवर परतावा मिळतो: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. म्हणून डीएलसी घेतल्यावर मूळ गेममध्ये रेंगाळत बसू नका. लगेच आत जाऊन पाहा की सगळं चालतंय का.

३. सेव्ह फाइल

आधी पॅच (मूळ गेमची सुधारित आवृत्ती), मग डीएलसी, मग सेव्ह उघडायची. हा क्रम मोडू नका.

मोठ्या डीएलसीबरोबर मूळ गेमही बदलतो. ‘फँटम लिबर्टी’ २६ सप्टेंबर २०२३ ला आली, पण त्याच्या पाच दिवस आधी २.० हा पॅच आला आणि त्याने स्किलची झाडं, चिलखताचा हिशेब, पोलिसांचं वागणं असं बरंच काही नव्याने मांडलं. जुनी सेव्ह उघडली तर आधी लावलेले पर्क (खास कौशल्यं) काढून त्यांचे पॉइंट हातात परत दिलेले असायचे. हे माहीत नसलेला माणूस थेट लढाईत उडी घेतो आणि आपला गडी अचानक दुबळा का झाला म्हणून डोकं खाजवत बसतो.

पीसीवर मॉड (इतरांनी बनवलेले गेममधले बदल) वापरत असाल तर पॅचआधी सगळे मॉड काढा. नुसते बंद करू नका, फोल्डरमधून काढा. डीएलसी मॉडशिवाय एकदा नीट सुरू झाली की मग एकेक करून परत घाला. एकदम सगळे घातलेत तर कोणामुळे बिघडलं ते शोधण्यात रात्र जाते.

आता मुख्य काम. डीएलसीत शिरण्याआधी वेगळ्या जागेवर, हाताने, नवी सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, ती गोल फिरते आणि तासाभरात जुनी पुसते. पीसीवर सेव्हचं अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा. क्लाउड असला तरीही ठेवा, कारण क्लाउड तुमची चूकही तितक्याच इमानाने जपून ठेवतो. शिवाय डीएलसीमध्ये केलेली सेव्ह डीएलसी नसलेल्या यंत्रावर बहुधा उघडत नाही. आधीची सेव्ह हाताशी असेल तर निदान मूळ गेम तरी वाचतो.

आणि तोच गडी घेऊन गेम पहिल्यापासून सुरू करणारं ‘न्यू गेम प्लस’चं बटण? डीएलसी अजून खेळायची असेल तर त्याला हात लावू नका. ‘एल्डन रिंग’मध्ये ते दाबलं की डीएलसीच्या दारापर्यंतचे बॉस (मोठे शत्रू) पुन्हा मारावे लागतात, आणि आतले शत्रूही चढलेले असतात. मूळ गेम संपल्याच्या आनंदात हे बटण दाबून नंतर पस्तावलेले दोन मित्र मला माहीत आहेत. एकाने नवा गडी घडवला, दुसऱ्याने गेमच सोडला.

४. दार शोधा

काही गेम दार दाखवतात. ‘विचर ३’मध्ये डीएलसी बसवली की क्वेस्टच्या यादीतच नोंद येते आणि ती तुम्हाला योग्य सूचनाफलकापाशी नेते. काही गेम वाट पाहायला लावतात: ‘फँटम लिबर्टी’साठी पॅसिफिका या वस्तीतल्या व्हूडू बॉइज टोळीची कामं करत ‘ट्रान्समिशन’ ही क्वेस्ट पुरी करावी लागते, मग फोन येतो. ‘बर्निंग शोअर्स’साठी ‘सिंग्युलॅरिटी’ ही शेवटची मुख्य क्वेस्ट संपलेली हवी.

फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीच्या गेममध्ये मात्र दार शोधणं हाच एक खेळ असतो. ‘डार्क सोल्स’च्या ‘आर्टोरियस ऑफ द अबिस’चं दार तर कमालीचं आडबाजूला आहे. आधी डार्करूट बेसिनमधला हायड्रा मारा, मग तिथे येणारा सोनेरी गोलम मारून त्यातून डस्क या राजकुमारीला सोडवा, मग ड्यूक्स आर्काइव्ह्जमध्ये एका स्फटिकाच्या गोलमकडून तुटलेलं पेंडंट मिळवा, आणि ते घेऊन परत त्या तळ्याकाठी या. कोणी सांगितलं नाही तर हे एकट्याला सुचणं कठीण. इथे मदत घेण्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही. दार कुठे आहे एवढं वाचा आणि पान बंद करा.

‘ब्लडबोर्न’च्या ‘द ओल्ड हंटर्स’साठी व्हिकार अमेलियाला मारून वेदीला हात लावायचा, मग हंटर्स ड्रीममध्ये मिळणारा डोळा घेऊन ओडन चॅपलच्या डाव्या दाराने बाहेर पडायचं. पुढे काय होतं ते सांगत नाही. पहिल्यांदा मी खुर्चीतून उडालो होतो.

‘एल्डन रिंग’च्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ला (२१ जून २०२४) दोन अटी आहेत: स्टारस्कर्ज राडान आणि मोग, दोघंही मारलेले हवेत. राडान बहुतेकांच्या वाटेत येतोच. मोग मात्र दडलेला आहे. त्याच्याकडे जायच्या वाटा दोन: पांढऱ्या मुखवट्याच्या व्हारेची क्वेस्ट, किंवा कॉन्सिक्रेटेड स्नोफील्डच्या पश्चिमेकडचं प्रवेशद्वार. पहिली वाट लवकर उघडते, पण लवकर पोचून उपयोग नाही, कारण मोग तेवढ्या लेव्हलला तुम्हाला धूळ चारतो. त्याला मारल्यावर तिथल्या कोषातून बाहेर आलेल्या सुकलेल्या हाताला स्पर्श करायचा. बरेच जण मोगला मारून, रून्स उचलून, हात न लावताच परत जातात आणि डीएलसी सुरू झाली नाही म्हणून तक्रार करत बसतात.

‘आउटर वाइल्ड्स’च्या ‘एकोज ऑफ द आय’बद्दल मी एवढंच सांगेन: गावातल्या संग्रहालयात नवं दालन लागलंय, ते बघा. भीती वाटणाऱ्यांसाठी सेटिंगमध्ये भीतीचे प्रसंग सौम्य करणारा पर्याय आहे. तो वापरल्याने कथा कमी होत नाही. या डीएलसीबद्दल इतर कुठेही काहीही वाचू नका, हा लेखसुद्धा आता पुढच्या परिच्छेदावर न्या.

५. हात परत बसवा

गोलियाटने मला जे शिकवलं ते इथे येतं. गेम बंद करून महिना-दोन महिने झाले असतील तर डीएलसी सुरू करण्याआधी एक संध्याकाळ जुन्या प्रदेशात घालवा. मी आता नेहमी हे करतो:

नियंत्रणांचं पान उघडायचं आणि प्रत्येक बटण एकदा दाबून पाहायचं, वाचून नाही. बोटांना आठवतं ते डोळ्यांना आठवत नाही.

मग एक सोपं उरलेलं काम घ्यायचं. ‘विचर’मध्ये एखादं राक्षसाचं कंत्राट, ‘होरायझन’मध्ये एखादा यंत्रांचा कळप. हरायला हरकत नाही अशी लढाई हवी.

सामानाची पिशवी उपसायची. आठ महिन्यांपूर्वीच्या मी अमुक तलवार का जपून ठेवली होती, याचा आजच्या मला पत्ता नसतो. ओझं विकून टाका, औषधं भरून घ्या.

बिल्ड (गड्याच्या कौशल्यांची मांडणी) आठवतच नसेल तर ते नव्याने मांडा. ‘विचर’मध्ये पोशन ऑफ क्लिअरन्स, ‘एल्डन रिंग’मध्ये रेनालाकडे लार्व्हल टिअर देऊन हे होतं. स्वतःच्या हाताने पॉइंट लावले की गडी पुन्हा आपला वाटायला लागतो.

कथेचं काय? ‘विचर’मध्ये पात्रांच्या नोंदी आहेत, त्या डँडेलियन या कवीच्या तोंडून लिहिलेल्या असल्यामुळे वाचायलाही मजा येते. अर्धा तास तिथे घालवा. इंटरनेटवरचे ‘कथा दहा मिनिटांत’ व्हिडिओ मला फारसे आवडत नाहीत. त्यातले बरेच पुढच्या डीएलसीबद्दलही बोलून जातात.

सगळंच विसरला असाल तर तयार पात्र घेण्याचा पर्याय आहे. ‘विचर ३’मध्ये नवा गेम सुरू करताना फक्त ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ किंवा फक्त ‘ब्लड अँड वाइन’ निवडता येतं, ‘सायबरपंक’मध्ये थेट ‘फँटम लिबर्टी’पाशी उडी मारता येते. वेळ वाचतो. पण तो गेराल्ट, म्हणजे ‘विचर’चा नायक, तुमचा नसतो. तुम्ही कोणावर प्रेम केलंत, कोणाला सोडून दिलंत, यातलं त्याच्यापाशी काहीच नसतं.

६. लेव्हल, पैसा, काठिण्य

सुचवलेली लेव्हल गंभीरपणे घ्या. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ची पहिली क्वेस्ट ३२ लेव्हल सुचवते, ‘ब्लड अँड वाइन’ त्याच्या थोडी पुढे. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’चा पहिलाच मोठा शत्रू ऑक्सनफर्टच्या गटारातला महाकाय बेडूक आहे. तो विष ओकतो, आणि कित्येक खेळाडू इथेच अडकून ‘ही डीएलसी अवघड आहे’ म्हणून सोडून देतात. खाली उतरण्याआधी गोल्डन ओरिओल हे औषध घ्या, ते विषाला रोखतं, आणि तलवारीला शापितांविरुद्धचं तेल लावा. लढाई निम्म्याने सोपी होते. गेमने ही दोन्ही हत्यारं तुम्हाला तीस तासांपूर्वीच दिलेली असतात, फक्त ती वापरायची वेळ आलेली नसते.

पैसाही साठवा. त्याच डीएलसीत ओफीरचा रूनराइट आहे. त्याची कला पूर्ण उघडायला ५,०००, मग १०,०००, मग १५,००० असे एकूण ३०,००० क्राउन लागतात. तो जे मंत्र हत्यारावर घालतो ते खेळण्याची पद्धतच बदलतात. मी रिकाम्या खिशाने गेलो होतो आणि मग जुन्या नकाशावर तस्करांच्या पेट्या उपसत फिरलो.

काठिण्य कमी करता येत असेल तर पहिल्या दोन तासांसाठी करा, नंतर वाढवा. यात कमीपणा काही नाही. डीएलसी बनवणारे शेवटपर्यंत पोचलेल्या खेळाडूचा हात डोळ्यांसमोर ठेवतात, सहा महिने धूळ खात पडलेल्या हाताचा नाही.

काही डीएलसी तुमची सगळी तयारी दारातच काढून घेतात. ‘डेड मनी’मध्ये सामान जप्त होतं, गळ्यात स्फोटक पट्टा येतो. घाबरू नका, सामान शेवटी परत मिळतं. पण सिएरा माद्रेला, म्हणजे त्या डीएलसीच्या प्रदेशात, पुन्हा जाता येत नाही, तेव्हा निघण्याआधी सगळे कोपरे पाहून घ्या.

७. आत गेल्यावर

नवी डीएलसी बहुधा एखादी नवी व्यवस्था आणते आणि जुन्या सवयीने आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ आली तेव्हा अवघड आहे म्हणून जी ओरड झाली, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. त्या प्रदेशात तुमची लेव्हल पूर्वीइतकी कामाला येत नाही. तिथे स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून ग्रेसपाशी (विश्रांतीच्या जागेपाशी) बसून आशीर्वाद वाढवायचा असतो. पायऱ्या २०, तुकडे एकूण ५०. हा आशीर्वाद फक्त त्या प्रदेशातच लागू होतो. तो तुमचा मारही वाढवतो आणि अंगावर येणारा मारही कमी करतो. १५० लेव्हलचा गडी घेऊन बेलुरातच्या डान्सिंग लायनपुढे दहादा मरणारा माणूस परत फिरून चार-पाच तुकडे गोळा करून आला की तोच सिंह माणसाळल्यासारखा वाटतो.

तुकडे शोधायचे कुठे? मिकेलाच्या क्रॉसपाशी हमखास. डोक्यावर मडकं घेतलेल्या सावल्या दिसल्या तर त्यांनाही सोडू नका. म्हणजे एखादा बॉस अडला की उत्तर जवळजवळ नेहमी एकच: पाठ फिरवा आणि न पाहिलेल्या दिशेने चालायला लागा. मला तर वाटतं त्या डीएलसीची खरी गंमत त्या भटकण्यातच आहे.

दुसरी गोष्ट गतीची. डीएलसी छोटी असते, म्हणून तिच्यात लिहिणाऱ्यांनी भरताड कमी टाकलेलं असतं. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ दहा तासांची, पण त्यात एका लग्नाला जायची क्वेस्ट आहे. तिथे डुकरं हाकता येतात, तळ्यात बुडी मारून बूट शोधता येतो, पत्त्यांचा डाव टाकता येतो. मुख्य काम पाच मिनिटांत उरकता येईल. पण उरकू नका, घड्याळ लावलेलं नाही. पुढे एका ओसाड वाड्यात शिराल तेव्हाही तसंच करा: प्रत्येक वस्तूकडे बघा, प्रत्येक चिठ्ठी वाचा. त्या वाड्याची कथा कोणी सांगत नाही, ती सामानातून कळते.

नकाशावरची प्रश्नचिन्हं मात्र सगळी पुसायलाच हवीत असं नाही. तूसाँमध्ये मी निम्मी सोडली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

८. मोठ्या निर्णयाआधी

चांगल्या डीएलसीत एखादा फाटा असतो. ‘फँटम लिबर्टी’मध्ये ‘फायरस्टार्टर’ या क्वेस्टमध्ये कथा दोन वाटांना फुटते आणि पुढच्या मोहिमाच वेगळ्या होतात. ती क्वेस्ट सुरू करण्याआधी हाताने सेव्ह करा, नाव देता येत असेल तर नाव द्या. मग एका वाटेने शेवटपर्यंत जा. मध्येच मागे येऊन दुसरी वाट चाखायची नाही, दोन्हींचा रस जातो. दुसरी वाट काही आठवड्यांनी खेळा.

कुठला निर्णय ‘बरोबर’ हे आधी शोधू नका. दार शोधायला मदत घ्या म्हणालो होतो, इथे मात्र मदत घेतलीत तर डीएलसी विकत घेतल्याचा अर्थच उरत नाही.

९. श्रेयनामावली सरकून गेल्यावर

गेम लगेच बंद करू नका. बऱ्याच डीएलसी शेवटानंतरही काही राखून ठेवतात. जुन्या प्रदेशातल्या पात्रांना परत भेटा, काहींचे संवाद बदललेले असतात. डीएलसीत मिळालेली हत्यारं मूळ गेममध्ये नेता येतात का ते बघा. आणि मूळ गेमचा शेवट बाकी असेल तर आठवडाभर थांबून मग त्याकडे वळा, दोन शेवट एकावर एक बसू देऊ नका.

‘ब्लड अँड वाइन’मध्ये गेराल्टला कोर्व्हो बियांको नावाचा द्राक्षमळा मिळतो. पैसे घालून तो सजवता येतो, भिंतीवर चित्रं लावता येतात, तलवारी मांडता येतात. मुख्य कथा संपली की एकदा त्या घरी जा. तिथे एक पाहुणा आलेला असतो. कोण, ते तुमच्या मूळ गेममधल्या निर्णयांवर ठरतं, म्हणूनच जुनी सेव्ह जपा म्हणालो. माझ्या सेव्हमध्ये कोण आलं ते सांगत नाही. त्या भेटीनंतर मी आणखी एकदा सेव्ह केलं, गेराल्टला अंगणातल्या उन्हात उभं केलं आणि गेम बंद केला. ती फाइल अजून तशीच आहे.